कुडाळहून लंडन: अंतर किती आणि विमानाला किती तास लागतात?

तुम्ही विचारलंय की आईंना घेऊन कुडाळहून लंडनला भावाकडे जायचंय, तर अंतर किती आणि विमानात किती तास बसावं लागेल. मी गेल्या वर्षी माझ्या आईला घेऊन जाऊन आलोय म्हणून सांगतो.

मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किमी. डायरेक्ट विमान जाताना साडेनऊ ते साडेदहा तास घेतं, येताना नऊच्या आसपास. हे ऐकून आमची आई म्हणते, "येताना उतार लागता काय रे?" म्हटलं तसंच समज! वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, जाताना तो तोंडावर आणि येताना पाठीवर.

आणि नकाशात पट्टी लावून रस्ता बघू नका, फसाल. सोललेला नारळ घ्या, कोळशाने दोन खुणा करा, एक खाली मुंबईची आणि एक वर डावीकडे लंडनची, मग सुतळी ताणून धरा, ती उत्तरेकडे फुगते बघा. त्या हिशोबाने अर्धी वाट जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या जवळपास येते, मला पण आधी खरं वाटलं नव्हतं. अर्थात विमान तसंच्या तसं जात नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद आणि एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना पाकिस्तानवरनं जाता येत नाही, म्हणून वळसा पडतो. तिकिटावर जी वेळ असेल तीच धरा.

घड्याळाचा घोळ वेगळाच. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे जूनमध्ये दुपारी दीडला निघालात आणि दहा तास लागले तर तिथे संध्याकाळचे सातच वाजलेले असतात, आईंना मात्र झोप आलेली असते कारण आपल्याकडे साडेअकरा झाले.

आता खरी गोष्ट, वेळ विमानात नाही जात, कुडाळ ते मुंबईत जातो. आम्ही शहाणपणा करून गाडीने निघालो आणि नुसत्या माणगावला दीड तास अडकलो, आई मागच्या सीटवर जप करतेय आणि मी घड्याळ बघतोय. त्यापेक्षा रात्रीची कोकणकन्या धरा, पहाटे ठाण्याला उतरा आणि दुपारनंतरचं विमान घ्या. पावसात जाणार असाल तर रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या हळू चालतात, तेव्हा एक दिवस आधीच मुंबईत जाऊन रहा. गोव्यातल्या मोपा विमानतळावरनं मुंबईला उडणार असाल तर लंडनपर्यंत एकच तिकीट काढा, म्हणजे पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय त्यांनी बघायची, तुम्ही नाही.

आणि आईंसाठी व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांगून ठेवा. आमची "माका कित्याक ती खुर्ची" म्हणत होती, पण हीथ्रोला चालणं इतकं आहे की येताना स्वतःच विचारलंन, खुर्ची सांगितलंस मां?