बाहुली एक, माणसं दोन

प्रश्न : ‘स्पिटिंग इमेज’ या पुढाऱ्यांची खिल्ली उडवणाऱ्या जुन्या ब्रिटिश मालिकेतल्या तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या बाहुलीला दोऱ्या दिसत नाहीत. मग ती हलायची कशी? आणि आवाज कोणाचा? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : तुमच्या जवळच पिंगुळीला ठाकर कलावंत दोऱ्यांवर लाकडी बाहुल्या नाचवतात, तेव्हा तुमची नजर आधी दोरीकडे जाणारच. इथे दोरीच नव्हती. या बाहुल्या घडवणारे पीटर फ्लक आणि रॉजर लॉ ही मुळात व्यंगशिल्पं करणारी जोडी. आधी मातीत डोकं घडवायचं, नाक-हनुवटी हवी तेवढी ताणायची, साचा काढायचा आणि त्यात फोम रबर ओतून भाजायचं. मग एका माणसाचा एक हात डोक्यात, तोंडाची उघडझाप करायला. दुसरा बाहुलीच्या बाहीत. उरलेली बाही दुसऱ्या माणसाकडे. दोघं एकमेकांना खेटून. (नुसतं लिहितानाच माझ्या मानेत कळ आली!)

आवाज आधीच ध्वनिमुद्रित असायचे, बाहुलीवाल्याने त्यावर तोंड हलवायचं. थॅचरबाईंचा आवाज काढायचा स्टीव्ह नॅलन, म्हणजे चक्क बाप्या! दशावतारातली स्त्रीपार्टी बघत वाढलेल्या आपल्याला त्याचं काय नवल?

मालिका चालली १९८४ ते १९९६. थॅचरबाईंचं कौतुक सगळेच करतात. माझं मत मात्र त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या जॉन मेजर यांच्या बाहुलीला. कातडीसकट सगळा करडा माणूस, जेवायला बसला की बायकोशी वाटाण्यांबद्दल बोलणार. शिवी एकही नाही, पण बिचाऱ्याची पार शोभा!