लेकीला ‘आर्ट्सला’ घालताय?

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, पावसाळ्यात साचणाऱ्या सात डबक्यांची वही तिने दोन वर्षं ठेवली आहे. पाणी किती, बेडकांची शेपटीवाली पिल्लं कधी दिसली, तिसरं डबकं सगळ्यांत आधी आटतं, असं सगळं त्यात असतं. कातळशिल्पांचंही तितकंच वेड. माझ्या भावाने अमेरिकेतून तिथल्या पाच लहान लिबरल आर्ट्स कॉलेजांची नावं पाठवली आणि तेव्हापासून नणंदबाईंचं एकच टुमणं आहे, “सायन्सातल्या चेडवाक आर्टसाक कित्याक घालतास?” आमची हापूसची बाग आहे, म्हणजे एक वर्ष बरं, एक वर्ष वाईट. मुलगी तिथे वाया तर जाणार नाही ना? आणि पाचांतून निवडायचं कसं?
— एक आई, देवगड तालुका

उत्तर : आधी नणंदबाईंचं बघू. हे ‘आर्ट्स’ आपल्या आर्ट्स-कॉमर्स-सायन्समधलं नव्हे. जुन्या युरोपात शिकलेल्या माणसाला सात विद्या याव्यात असं मानत. त्यांत व्याकरण, तर्क होतेच, पण अंकगणित, भूमिती आणि खगोलही होते. नाव तेवढं मागे राहिलं. या कॉलेजांत भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांत रीतसर पदवी मिळते, फक्त जोडीला इतिहास, भाषा असंही काही शिकावं लागतं. कशेळीचा कातळात कोरलेला हत्ती बघायला उन्हात कातळ तुडवणाऱ्या मुलीला त्याचा जाच होईल असं मला वाटत नाही.

एवढ्याने भागलं नाही तर त्यांना दोन माणसं सांगा. थॉमस चेक आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजातून १९७० साली पदवीधर झाले आणि १९८९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जेनिफर डाउडना कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या, १९८५ च्या. त्यांना २०२० चं नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचंच. गंमत म्हणजे पीएच.डी.नंतर डाउडनाबाईंनी काम केलं ते चेक यांच्याच प्रयोगशाळेत. दोघंही लहान कॉलेजांतलीच.

आता तुमचं. मी रत्नागिरीच्या बाजूला एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. मी स्वतः ज्या कॉलेजात शिकले (नाव नको, तिथली माणसं अजून जेवायला बोलावतात) तिथे एक उत्तम सूक्ष्मदर्शक होता. काचेच्या कपाटात, कुलपात. तपासणीला पाहुणे आले की बाहेर निघायचा, पुसला जायचा, परत आत. आम्ही बाराजणी एका डुगडुगत्या सूक्ष्मदर्शकापाशी रांग लावायचो, आणि माझी पाळी येईपर्यंत स्लाइडवरचं पाणी सुकलेलं असायचं. तीन वर्षांत मी अमीबा हलताना पाहिला नाही. पुस्तकातला काढला, मार्क पडले.

म्हणून कुठल्याही कॉलेजबद्दल माझा पहिला प्रश्न असतो : यंत्राला हात कोण लावतं? मोठ्या विद्यापीठात यंत्रं भारी असतात, पण त्यांच्यापाशी पीएच.डी.वाले असतात आणि पदवीचं पोर मागे उभं राहतं. लहान कॉलेजात बहुधा पीएच.डी.चे विद्यार्थीच नसतात. प्राध्यापकाला संशोधन करायचं तर पदवीच्या मुलांनाच हाताशी घ्यावं लागतं. ओरेगन राज्यातल्या रीड कॉलेजात १९६८ पासून संशोधनासाठीची छोटी अणुभट्टी आहे आणि ती चालवतात पदवीचे विद्यार्थी, रीतसर सरकारी परवाना काढून. त्यांत साहित्य शिकणारेही असतात. हे वाचलं त्या दिवशी मला ते कुलूप आठवलं.

पण लहान म्हणजे लहान, हेही ध्यानात असू द्या. भावाने बहुधा नुसती पुस्तिका पाहिली असेल. पुस्तिकेत वीस विषय छापलेले असतात. विभागात माणसं चार-पाच, त्यातलं एक अभ्यासरजेवर, म्हणजे वरच्या वर्गाचे कित्येक विषय वर्षाआड शिकवले जातात. आपल्याकडे एस.टी.च्या वेळापत्रकात गाडी असते आणि स्टँडवर नसते, तसं. तेव्हा मुलीला पुस्तिका बाजूला ठेवून मागच्या चार सत्रांचं प्रत्यक्ष वेळापत्रक काढायला सांगा. ते बहुतेक कॉलेजांच्या संकेतस्थळावर सापडतं. परिसंस्थाशास्त्र, संख्याशास्त्र, उभयचर-सरीसृप यांतलं खरंच काय शिकवलं गेलं त्यावर खूण करायची. पाचांतली दोन नावं इथेच गळतील. (मुलगा गणितवेडा असता आणि बारावीतच पुढचं गणित उरकून बसला असता, तर मी जास्त घाबरवलं असतं. छोट्या विभागात अशा मुलाचे विषय तिसऱ्या वर्षी संपू शकतात.)

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. तिथे विज्ञानाची मुलं सुट्टीत आठ-दहा आठवडे पगारी संशोधन करतात. त्यातल्या एका मोठ्या सरकारी योजनेचा पैसा फक्त अमेरिकी नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतो. आपल्या मुलांना हे तिथे पोचल्यावर कळतं. म्हणून आधीच विचारायचं : कॉलेजच्या स्वतःच्या पैशातून परदेशी विद्यार्थ्याला हे काम मिळतं का, आणि गेल्या वर्षी किती जणांना मिळालं? गोलमाल उत्तर आलं तर समजून जा.

तुमचं सगळ्यात अवघड कलम बागेचं. बहुतेक कॉलेजं परदेशी मुलाने खर्चासाठी पैशांची मदत मागितली की प्रवेश देतानाच ते हिशेबात धरतात, म्हणजे प्रवेश अवघड होतो. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन ही न धरणाऱ्यांपैकी, पण तिथे प्रवेश मिळणं हेच लॉटरीसारखं. यातलं बोडन मेन राज्याच्या किनाऱ्यावर आहे, समुद्राच्या अभ्यासाचं स्वतःचं केंद्र आहे, म्हणून तुमच्या मुलीने नुसतं बघून तरी घ्यावं. आणि एक चूक करू नका. ‘पहिलं वर्ष बाग विकून काढू, पुढे मदत मागू’ असं ठरवून अर्ज केला तर फसाल, कारण कित्येक कॉलेजं पहिल्या अर्जात न मागितलेली मदत परदेशी विद्यार्थ्याला नंतर देत नाहीत. मोहोर वाईट वर्षाचा धरून आकडा मांडा. त्या आकड्यात बसत नसेल तर ते कॉलेज आपलं नव्हे.

इथलेही दरवाजे उघडे ठेवा. पुण्याच्या आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञानसंस्थेत पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. आहे, सुरुवातीला सगळीच शास्त्रं शिकावी लागतात आणि संशोधन अभ्यासक्रमातच आहे. त्यासाठीची परीक्षा मात्र वेगळी तयारी मागते. इतिहासही हवा असेल तर सोनीपतचं अशोका आणि बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ बघा, मदतीची चौकशी तिथेही करा.

या सुट्टीत मुलीने एवढं करावं. उरलेल्या तीन कॉलेजांतला बेडूक, किडे किंवा डबक्यांवर काम करणारा एकेक प्राध्यापक शोधावा आणि त्याला दहा ओळींची ईमेल लिहावी. स्वतःची स्तुती नको, वहीतल्या दोन पानांचे फोटो आणि एक खरा प्रश्न पुरे. लहान कॉलेजातला माणूस बऱ्याचदा स्वतः उत्तर देतो. कोण उत्तर देतं आणि काय देतं, यावरून तुम्हाला पुस्तिकेपेक्षा जास्त कळेल.

फोटो मलाही पाठवा. तिसरं डबकं आधी का आटतं, ते तुम्ही लिहिलंच नाहीत. खाली कातळाला भेग आहे, की तिथे गुरं पाणी पितात?