वाचक विचारतात: आर. आर. आबांनी नेमकं केलं काय?

प्रश्न: नमस्कार सर, मुलाला कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेला आर. आर. पाटील हा विषय आलाय. मोबाईलवर शोधलं तर सगळीकडं डान्सबार आणि मुंबई हल्ल्यावेळचं ते वाक्य, एवढंच सापडतंय. आबांनी बाकी काय केलंच नाही का? (एक पालक, विटा)

उत्तर: केलं की! आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर आबांचं खरं काम ते गृहमंत्री व्हायच्या आधीच झालेलं, पण पेपरात हेडलाईन गृहखात्याची होते, गटारीची होत नाही.

मुलाला आधी एवढं लिहून द्या. जन्म १६ ऑगस्ट १९५७, गाव तासगाव तालुक्यातलं अंजनी. सांगलीत शांतिनिकेतनला 'कमवा आणि शिका' योजनेतून शिक्षण, मग वकिलीची डिग्री. १९७९ ला वसंतदादांच्या आशीर्वादानं सावळज गटातून झेडपीवर गेले आणि १९९० पर्यंत तिथंच होते. ही झेडपीची वर्षं लोक एका ओळीत उरकतात, पण ग्रामसेवक, बीडीओ, पाण्याची टाकी, शाळेची खोली, कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो, हे सगळं माणूस तिथंच शिकतो. १९९० ला तासगावचे आमदार झाले आणि तिथनं २०१४ पर्यंत सलग सहा वेळा निवडून आले, १९९९ पासून राष्ट्रवादीकडनं.

१९९९ ला मंत्रिपद मिळालं ते ग्रामविकासचं. त्या काळात ह्या खात्यासाठी कोण रुसून बसत नव्हतं, पैसा बेताचाच. आबांनी काय केलं, तर आधी अनुदान देऊन मग काम बघत बसायचं सोडलं, आधी गावानं काम करायचं आणि मग बक्षीस. हेच ते संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, २००० सालचं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढती स्पर्धा, त्यामुळं शेजारच्या गावानं नंबर काढला की आपल्या गावाला झोप लागायची नाही. ज्यांनी ते दिवस बघितलेत त्यांना आठवत असंल, पोरं-म्हातारी सगळी खराटे घेऊन बाहेर, भिंतीवर गेरूनं घोषवाक्यं, सांडपाण्याला शोषखड्डे, आणि तपासणी समिती आली की थेट स्वयंपाकघरात जाऊन पाण्याच्या हंड्याजवळ ओगराळं (पाणी काढायचं लांब दांड्याचं भांडं) आहे का बघायची, कारण तांब्या बुडवून पाणी घेतलं तर त्याचे मार्क जायचे! बायकांनी तेवढ्यासाठी बाजारातनं ओगराळी आणली. आता काही गावं बक्षीस मिळाल्यावर परत होती तशी झाली हेही खरंय, ते लपवायचं कारण नाही. पण सरकारी तिजोरीतनं फार पैसा न काढता गाव हलवता येतं हे दिसलं, आणि २००३ ला केंद्रानंसुद्धा निर्मल ग्राम पुरस्कार चालू केला. मुलाला सांगा, भाषणाची निम्मी मिनिटं इथंच घाल.

नंतर गृहखात्यात गेल्यावर २००७ ला त्यांनी तंटामुक्त गाव मोहीम काढली, तीही त्याच साच्यातली. ग्रामसभेनं समिती नेमायची, बांधावरची नाहीतर भावकीतली भांडणं गावातच मिटवायची आणि गावानं बक्षीस घ्यायचं. म्हणजे खातं बदललं तरी डोकं झेडपीचंच.

प्रश्न: २००८ ला राजीनामा दिला होता ना, मग पुढच्याच वर्षी परत गृहमंत्री कसे? (कोरेगावहून)

उत्तर: राजीनामा मंत्रिपदाचा होता, आमदारकीचा नाही. मुंबई हल्ल्यावेळचं ते वाक्य चुकलंच होतं, मोठ्या शहरात अशा छोट्या गोष्टी होतात अशा अर्थाचं, आणि ते बोलले तेव्हा मुंबई अजून सावरली नव्हती, त्यामुळं १ डिसेंबर २००८ ला जावं लागलं यात अन्याय काही नाही. खातं गेलं ते जयंत पाटलांकडं, म्हणजे तासगावातनं इस्लामपुरात, जिल्ह्याच्या बाहेर काय गेलं नाही! २००९ ची निवडणूक जिंकून आबा परत त्याच खात्यात आले, आधी असलेलं उपमुख्यमंत्रिपद मात्र परत मिळालं नाही. ह्या टर्मला नक्षलग्रस्त गडचिरोलीचं पालकमंत्रिपद त्यांनी स्वतःकडं घेतलं, ते फारसं कुणाला ठाऊक नसतं.

प्रश्न: डान्सबार बंदी कोर्टात टिकली का? (मिरज)

उत्तर: नाही. आबा गृहमंत्री असताना आलेल्या २००५ च्या बंदीच्या कायद्यात थ्री स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट ठेवलेली, तिथंच घोळ झाला. साध्या बारमधे नाच वाईट आणि मोठ्या हॉटेलात चांगला असं कसं, ह्या मुद्द्यावर हायकोर्टानं २००६ ला बंदी रद्द केली आणि २०१३ ला सुप्रीम कोर्टानंही तेच म्हटलं. मग २०१४ ला सूट काढून नवा कायदा केला, त्यालाही २०१५ ला स्थगिती मिळाली, तोवर आबा नव्हते. हेतूबद्दल गावाकडं कुणाला शंका नव्हती, पण कायदा लिहिताना ती सूट ठेवायला नको होती.

प्रश्न: आबा माजी आमदार म्हणून किती वर्षं होते, आणि माजी आमदाराला पेन्शन असते का? (तासगाव)

उत्तर: एक दिवसही नाही. १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कॅन्सरनं गेले तेव्हा ते आमदारच होते, वय फक्त ५७. पोटनिवडणुकीत पत्नी सुमनताई आल्या, २०१९ लाही त्याच, आणि २०२४ ला मुलगा रोहित. पेन्शन असते, एक टर्म झाली तरी मिळते. २०१६ च्या बदलानुसार महिन्याला ५० हजार, आणि पाच वर्षांच्या पुढं जेवढी वर्षं आमदारकी केली तेवढे दोन-दोन हजार जादा.