घरचा रस्सा मोठ्या प्रमाणात करून फ्रीझ केला आणि नातेवाइकांना वाटला तर चव तशीच राहते का? किती दिवस टिकतो?

राहते. पण पातेलं गॅसवरून उतरल्यावर तुम्ही काय करता, ते आधी सांगा.

सासूबाईंच्या पद्धतीचा रस्सा आता मीच करते. कुणी बाळंत झालं, कुणी आजारी पडलं की मोठं पातेलं निघतं आणि घरोघरी डबे जातात. वन्सं अशा वेळी हजर असतात, कांदा चिरायला नव्हे, देखरेखीला. एकदा रात्री मी उतरवलेला रस्सा पसरट भांड्यांत ओतत होते, तर म्हणाल्या, "अगं, आईने असं कधी केलं नाही. झाकून ठेव, रात्रभर निवू दे, सकाळी भर."

आईचं नाव निघालं की आमच्या घरात सगळे गप्प. नवरा तर आधी. मी नाही झाले. सासूबाईंचा रस्सा पंगतीतच संपायचा हो, रात्रभर ठेवायला उरायचा कुठे? मोठं पातेलं वरून गार लागलं तरी मधे तासन् तास कोमट राहतं. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू वाढतात, आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांचं टणक कवचातलं झोपलेलं रूप, उकळूनही मरत नाहीत. फ्रीजरने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. म्हणून पसरट भांडी, खाली गार पाणी, अधूनमधून ढवळायचं आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. वन्सं त्या रात्री न जेवता गेल्या. जाऊ देत.

त्यांचं एवढं मात्र खरं, की वाफाळता रस्सा थेट फ्रीजरमध्ये कोंबला तर शेजारचे गोठलेले डबे सैल पडतात. आधी फ्रीजमध्ये गार करा, मग गोठवा.

चवीचं म्हणाल तर ती बिघडते करतानाच. चौपट रस्सा म्हणजे चौपट पाणी नव्हे. खोल पातेल्यात त्या मानाने पाणी कमी आटतं. कांदा एकदम टाकलात तर परतला न जाता नुसता शिजतो, तो थोडा थोडा परता. मीठ शेवटी. बटाटा गोठवू नका, भुसभुशीत होतो. ज्याला रस्सा द्याल त्याला सांगा, ताजा घाल म्हणून.

उणे १८ अंशांना रस्सा नासत नाही, पण दोन-तीन महिन्यांनी मसाला मंदावतो आणि तेलाला खवट वास येऊ लागतो. तारीख लिहा. हे सगळं खऱ्या फ्रीजरचं सांगितलं. जुन्या एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा असेल तर इतकं गार होत नाही, त्यात आठवडाभराच्या पुढे ठेवू नका.

काठोकाठ भरू नका, गोठताना फुगतं. आणि शक्यतो जाड पिशव्यांत सपाट भरा. लवकर गोठतं, लवकर वितळतं, शिवाय नातेवाइकांकडे गेलेले डबे परत येत नाहीत. वन्संकडचे तर नाहीतच.