मार नाही लागला, मग प्लीहा फुटली कशी?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही हर्णैचे. भाऊ 28 वर्षांचा, बोटीवर खलाशी. जुलैत थंडी वाजून ताप आला, व्हायव्हॅक्स मलेरिया निघाला. गोळ्या चालू होत्या तरी पाचव्या दिवशी पोट दुखायला लागलं आणि डावा खांदा ठणकायला लागला, आम्हाला वाटलं अवघडलाय, आईने तेल चोळून दिलं. रात्री उठताना चक्कर येऊन पडला. रत्नागिरीला नेलं तर प्लीहा फुटलीय म्हणाले, पण ऑपरेशन न करताच 8 दिवसांनी घरी सोडलं. हे बरोबर आहे का? नारळी पौर्णिमेनंतर तो बोटीवर जातो म्हणतोय.

उत्तर: ताई, आधी आईला सांगा, त्यांचं काही चुकलं नाही. पोटात साठलेलं रक्त श्वासपटलाला लागलं की दुखणं डाव्या खांद्यात जाणवतं, भले भले फसतात. प्लीहा, म्हणजे जुनी माणसं म्हणतात ती पाणथरी, एरवी 150 ग्रॅमच्या आसपास, डाव्या बरगड्यांखाली लपलेली. मलेरियात ती थोड्याच दिवसांत सुजते, वरचं आवरण ताणतं, मग नुसता खोकला किंवा उलटीचा जोरही पुरतो, कधी तेवढंही लागत नाही. म्हणून मलेरियाच्या पेशंटला डावीकडे दुखलं, घाम फुटला, चक्कर आली की त्याच दिवशी सोनोग्राफी करा, पहिलं हिमोग्लोबिन बरं आलं म्हणून गाफील राहू नका, ते उशिरा उतरतं.

भावाचं बीपी टिकलं असणार आणि सीटीत रक्तस्राव थांबलेला दिसला असणार, अशा वेळी आयसीयूत झोपवून, परत परत हिमोग्लोबिन बघत, लागलं तर रक्त देऊन प्लीहा वाचवतात. बीपी घसरतच राहिलं तर मात्र ऑपरेशनला पर्याय नाही. वाचवायची धडपड एवढ्यासाठी की प्लीहा काढली तर न्यूमोनियाच्या जंतूंसारख्या इन्फेक्शनचा धोका जन्मभर राहतो, लसी घ्याव्या लागतात आणि साध्या तापालाही दवाखाना गाठावा लागतो.

बोटीचं म्हणाल तर यंदा नाहीच. निदान दोन-तीन महिने जाळं ओढणं, बर्फाच्या पेट्या उचलणं, खड्ड्यांतून बाईक, सगळं बंद, कारण काही दिवसांनी परत रक्तस्राव होऊ शकतो आणि खोल समुद्रातून किनारा गाठायलाच कित्येक तास जातात. सर्जननी सोनोग्राफी बघून हो म्हटल्यावरच बोट. दुखलं तर पॅरासिटामॉल, ब्रुफेन-ॲस्पिरिन नको. आणि प्रायमाक्विनचा 14 दिवसांचा कोर्स पूर्ण झाला का, विचारा त्याला, ती गोळी देण्याआधी जीसिक्सपीडी, म्हणजे रक्तातल्या एका एन्झाइमची कमतरता बघणारी तपासणी करायला हवी. व्हायव्हॅक्सचा जंतू यकृतात लपून बसतो, या गोळीने तो मारला नाही तर ताप परत येतो आणि प्लीहा परत सुजते. खांदा पुन्हा ठणकला तर तेलाची बाटली काढू नका, 108 ला फोन करा.