सायनसचा कर्करोग : मार्कर काय सांगतात?

प्रश्न : वडिलांच्या गालामागच्या सायनसमधील गाठीच्या रिपोर्टात ‘केआय-67 : 60 टक्के’ असे लिहिले आहे. कर्करोग 60 टक्के पसरला, असा याचा अर्थ आहे का?

उत्तर : नाही. केआय-67 हे विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींच्या केंद्रकात सापडणारे प्रथिन आहे; गाठीचा स्वभाव ओळखायला मदत करणाऱ्या अशा खुणांना मार्कर म्हणतात. गाठीच्या तुकड्याला रंग देऊन केलेल्या तपासणीत अशी केंद्रके तपकिरी दिसतात, बाकीची निळी राहतात. शंभरातील साठ तपकिरी दिसली, एवढेच हा आकडा सांगतो. त्यावरून गाठीच्या वाढीचा वेग कळतो, पसरण नव्हे. डोळ्याची खोबण, कवटीचा तळ किंवा मेंदूचे आवरण यांना गाठ भिडली आहे का, हे सीटी आणि एमआरआयमध्ये दिसते आणि आजाराचे भवितव्य त्यावर कितीतरी अधिक अवलंबून असते.

प्रश्न : आईच्या पहिल्या रिपोर्टात फक्त ‘पुअरली डिफरन्शिएटेड कार्सिनोमा’ (मूळ पेशींशी साम्य फारसे न उरलेला कर्करोग) असे आहे. डॉक्टर त्याच ब्लॉकवर, म्हणजे गाठीचा तुकडा जपलेल्या मेणाच्या ठोकळ्यावर, आणखी मार्कर करायला सांगतात. त्यात वेळ घालवावा का?

उत्तर : अवश्य करून घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या या गाठींत स्वभावाने अगदी वेगळे आजार दडलेले असतात. आयएनआय-1 हे प्रथिन निरोगी पेशींच्या केंद्रकात असतेच. ते गाठीच्या पेशींतून नाहीसे झाले असेल, तर शेजारच्या रक्तवाहिनीची केंद्रके तपकिरी आणि गाठीची मात्र कोरी दिसतात. 2014 मध्ये प्रथम वर्णिलेला हा प्रकार आक्रमक असतो. एनयूटी या दुसऱ्या प्रथिनाचा मार्कर पॉझिटिव्ह आला तर आजार त्याहूनही उग्र असू शकतो. उलट, घ्राणचेतातंतूंच्या (वास ओळखणाऱ्या नसांच्या) भागातून उद्भवणारी न्यूरोब्लास्टोमाची गाठ असेल, तर अंदाज बहुधा पुष्कळच आशादायक असतो. नाव बदलले की उपचारांचा क्रमही बदलू शकतो : काही प्रकारांत आधी केमोथेरपी देऊन गाठ किती दाद देते हे पाहतात आणि मगच शस्त्रक्रिया की रेडिएशन हे ठरवतात. म्हणून मेणाचा तो छोटा ब्लॉक आणि स्लाइड्स जिवापाड जपा. रुग्णालय बदलताना फाइल सोबत येते आणि ब्लॉक मागेच राहतो, हे मी वारंवार पाहतो.

प्रश्न : ‘पी-16 पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगले लक्षण ना?

उत्तर : टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कर्करोगात तसे म्हणता येते, कारण तिथे पी-16 हे प्रथिन एचपीव्ही विषाणूशी निगडित, उपचारांना चांगली दाद देणाऱ्या कर्करोगाची खूण असते. सायनसमध्ये मात्र केवळ पी-16 वरून एचपीव्ही विषाणूचा संबंध सिद्ध होत नाही. त्यासाठी विषाणूची स्वतंत्र चाचणी लागते. या एका शब्दाच्या भरवशावर उपचार सौम्य करण्याचा आग्रह कृपया धरू नका.