पोकळीत हातपाय मारून पुढे सरकता येईल का?

पुढे सरकता येणार नाही. अंग मात्र वळवता येईल, आणि खरी गंमत तिथेच आहे.

समजा, एक अंतराळवीर यानापासून दोन मीटरवर, दोरीविना, स्थिर तरंगतोय. तापीत पोहताना आपण पाणी मागे रेटतो म्हणून पुढे जातो. पोकळीत रेटायला काहीच नाही. हात पुढे टाकला की धड तेवढ्याच संवेगाने (वस्तुमान गुणिले वेग) मागे जातं आणि वस्तुमानकेंद्र, म्हणजे सगळ्या शरीराच्या वस्तुमानाचा मध्यबिंदू, जागचं हलत नाही. उपाय एकच, काहीतरी फेकायचं. पोशाखासह तो 150 किलोचा धरा. 1 किलोचा पाना सेकंदाला 10 मीटर वेगाने यानाच्या उलट दिशेला फेकला, तर अंतराळवीर सेकंदाला साधारण 7 सेंटिमीटर वेगाने यानाकडे निघेल. अर्ध्या मिनिटात पोचेल! फक्त पाना छातीजवळून सरळ ढकलावा, डोक्यावरून भिरकावला तर अंगच गरगरायला लागेल. 1984 मध्ये अमेरिकी अंतराळवीर ब्रूस मॅकँडलेस दोरीविना यानाबाहेर फिरले, तेव्हा पाठीवरच्या यंत्रातून नायट्रोजन वायू सोडला जात होता. तत्त्व तेच.

आता वळण्याचं. अमळनेरला मुलांना मी हे फिरत्या खुर्चीवर करायला लावतो. पाय उचलून बसा, हात लांब पसरून डावीकडे न्या, खुर्ची उजवीकडे वळते. मग हात छातीशी घेऊन परत आणा. खुर्ची उलटी फिरते, पण कमी, कारण जवळ घेतलेल्या हातांचं जडत्व, म्हणजे फिरवताना होणारा विरोध, कमी असतं. उरलेला फरक म्हणजे तुमचं वळण. खुर्चीत थोडं घर्षण असतं हे खरं, पण पोकळीत घर्षणाशिवायही हे जमतं. पडणारी मांजर अशीच पायांवर येते. कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा एकूण संवेग, पूर्ण वेळ शून्यच राहतो.